अजून जागा आहे

'आधीच नेमलेलं' हे शब्द मराठी कानावर पडले की पहिली आठवते ती सटवाई. बाळ जन्मल्यावर पाचव्या दिवशी पाटा-वरवंट्याची पूजा होते, शेजारी कोरा कागद आणि लेखणी ठेवतात, आणि घर झोपलं की ती येऊन कपाळावर लिहून जाते. काय लिहिलं ते आईलाही कळत नाही, आणि लिहिलेलं पुसता येत नाही. 'पाचवीला पुजलेलं' हा वाक्प्रचार तिथूनच आला. तो सुखाबद्दल वापरला जात नाही, हेही पाहण्यासारखं आहे. दारिद्र्य पाचवीला पुजलेलं असतं, आजारपण असतं. भरभराट कुणाच्या पाचवीला पुजलेली आहे असं कुणी म्हणत नाही.

पवित्र शास्त्रातली 'पूर्वी नेमले', 'जगाच्या स्थापनेपूर्वी निवडले' ही वचनं मराठी ख्रिस्ती माणूसही नकळत याच कानाने ऐकतो. उपासना संपल्यावर, बाकीची मंडळी बाहेर चहाला गेल्यावर, कुणीतरी मागे रेंगाळतं आणि हळूच विचारतं, "पाळकसाहेब, देवाने मला निवडलंच नसेल तर?" या प्रश्नाला चुकीचं उत्तर दिल्याने माणसं उद्ध्वस्त झालेली आहेत. म्हणून शब्दापासून सुरुवात करू या.

नव्या करारातली बरीच पत्रं लिहिणाऱ्या प्रेषित पौलाने वापरलेलं ग्रीक क्रियापद आहे 'प्रोओरिझो'. 'प्रो' म्हणजे आधी, आणि 'होरिझो' म्हणजे हद्द आखणं, शेताची शीव ठरवावी तसं. साऱ्या नव्या करारात हे क्रियापद फक्त ६ वेळा येतं: प्रेषितांची कृत्ये ४:२८, रोमकरांस ८:२९ आणि ८:३०, १ करिंथकरांस २:७, इफिसकरांस १:५ आणि १:११. सहाही जागा एका बैठकीत वाचून होतात. प्रत्येक ठिकाणी एवढंच विचारावं की काय नेमलं, आणि कशासाठी. कृत्यांमध्ये नेमलेली आहे ती वधस्तंभाची घटना. करिंथकरांत नेमलेलं आहे देवाचं गुप्त ज्ञान, तेही आपल्या गौरवासाठी. रोमकरांत माणसं नेमली आहेत ती पुत्राच्या प्रतिरूपाची व्हावीत म्हणून, आणि इफिसकरांत दत्तक घेतली जावीत म्हणून. सहांपैकी एकाही ठिकाणी कुणाला नाशासाठी नेमलं, असं वाक्य नाही. पेत्राच्या पहिल्या पत्रातलं २:८ हे वचन मात्र खरोखर अवघड आहे. तिथे क्रियापद वेगळं आहे, पण वचन न मानणारे ठेचाळतात आणि त्यासाठीच ते नेमले गेले होते, असं पेत्र लिहितो. ते वचन झाकून ठेवू नये. पण एका अवघड वचनावर अख्ख्या घराचा भार टाकू नये, हा शास्त्र वाचण्याचा जुना नियम आहे.

इफिसकरांस पत्राचा पहिला अध्याय याहून जवळून पाहावा. तिसऱ्या वचनापासून चौदाव्यापर्यंत मूळ ग्रीकमध्ये एकच वाक्य आहे, श्वास न घेता म्हटल्यासारखं. सुरुवातीलाच 'जगाच्या स्थापनेपूर्वी' येतं. पुढे दर दोन-चार शब्दांनी 'ख्रिस्तामध्ये', 'त्याच्यामध्ये', 'ज्याच्यामध्ये' असं येत राहतं. तेराव्या वचनात ऐकणारे येतात: तुम्हीही वचन ऐकलं आणि विश्वास ठेवला. आणि शेवटी, चौदाव्यात, पवित्र आत्म्याला आपल्या मराठी शास्त्रात म्हटलं आहे 'विसार'. जमिनीचा व्यवहार ठरल्यावर खरेदीखताआधी हातावर ठेवतात तो विसार. हा शब्द निवडणाऱ्या भाषांतरकाराचे आपण ऋणी आहोत, कारण अनंतकाळात सुरू झालेलं वाक्य त्याने तलाठ्याच्या गावात आणून सोडलं. विसार घेतलेल्याला जुने कागद उकरावे लागत नाहीत. आपल्या हातात काय आलं आहे ते पाहून तो व्यवहार खरा असल्याचं ओळखतो.

सटवाई आणि हे वाक्य यांच्यातला फरक मला इथे दिसतो. सटवाई लिहून निघून जाते. पुढे त्या बाळाचं काय होतं त्यात तिला भागी व्हावं लागत नाही. पौलाच्या वाक्यात नेमणारा आणि ज्याच्यामध्ये नेमलं तो, दोघांनाही किंमत मोजावी लागली आहे. सातव्या वचनातच रक्त आहे.

आता 'निवड' हा शब्द. आपण तांदूळ निवडतो तेव्हा खडे बाजूला काढून टाकतो, म्हणून निवड म्हटलं की टाकून दिलेला भाग आपोआप डोळ्यांपुढे येतो. अब्राहामाची निवड तशी नाही. उत्पत्ती १२:३ मध्ये त्याला निवडतानाच सांगितलं आहे की पृथ्वीवरची सगळी कुळं तुझ्याद्वारे आशीर्वादित होतील. घरातलं उदाहरण द्यायचं तर ही निवड विरजणाची आहे. आदल्या दिवशीच्या दह्यातलं चमचाभर बाजूला काढायचं, ते दुधावर रुसून नव्हे, त्या पातेलंभर दुधासाठीच. तेही दूध कोमट असताना. उकळत्या दुधात टाकलं तर विरजण मरतं, गार दुधात टाकलं तर लागत नाही. हे उदाहरण एका जागी अपुरं पडतं हेही सांगायला हवं: विरजणाला मन नसतं, ते 'मी लागणार नाही' म्हणू शकत नाही. इस्राएल, म्हणजे पौलाचे स्वतःचे लोक, तसं म्हणू शकले, आणि पौलाचं दुखणं नेमकं तेच होतं.

रोमकरांस पत्राचे ९, १० आणि ११ हे तीन अध्याय त्या दुखण्यातून आले आहेत. वचनं अनुक्रमे ३३, २१ आणि ३६, एकूण ९०. मोठ्याने वाचायला पंधरा मिनिटं पुरतात, आणि ती पंधरा मिनिटं न देता केलेल्या वाचनातून बहुतेक गोंधळ झालेला आहे. वाचक ९:१३ वर अडखळतो: देवाने जुळ्या भावांपैकी याकोबावर प्रीती केली, एसावाचा द्वेष केला. पुढे ९:१८ येतं, ज्याला वाटेल त्याला तो कठोर करतो, आणि वाचक पुस्तक मिटतो. पण या अध्यायाची पहिली तीन वचनं एका रडणाऱ्या माणसाची आहेत. आपल्या भाऊबंदांसाठी स्वतः शापित होऊन ख्रिस्तापासून तुटावं, असं तो म्हणतो. देवाने त्यांना टाकलं आणि विषय संपला अशी पौलाची समजूत असती, तर हे रडणं म्हणजे देवाशी भांडण ठरलं असतं. एसावाबद्दलचं ते वाक्य मलाखी संदेष्ट्याचं आहे आणि ते दोन राष्ट्रांविषयी आहे. उत्पत्तीतही रिबकेला सांगितलं जातं ते 'तुझ्या उदरात दोन राष्ट्रे आहेत' असंच. एसाव नावाच्या माणसाचं पुढे काय झालं ते उत्पत्ती ३३ मध्ये आहे. तो धावत आला, याकोबाच्या गळ्यात पडला, दोघं रडले.

मग कुंभार. ९:२१ मधला कुंभार पौलाने जुन्या करारातून घेतला आहे, आणि यिर्मयाच्या अठराव्या अध्यायात त्या कुंभाराला चाकावर काम करताना पाहता येतं. भांडं हातातच बिघडतं. तो ती माती फेकून देत नाही, तिचंच दुसरं भांडं घडवतो. लगेच पुढे देव सांगतो की ज्या राष्ट्राविरुद्ध मी नाश बोललो ते जर वळलं, तर मीही योजलेलं अरिष्ट आणणार नाही. रोमकरांतली पुढची दोन वचनं ग्रीकमध्ये शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. दयेची पात्रं देवाने 'आधीच सिद्ध केली', कर्ता स्पष्ट आहे. क्रोधाची पात्रं नाशासाठी 'सिद्ध झालेली' आहेत. कोणी सिद्ध केली हे पौल म्हणत नाही आणि 'आधी' हा उपसर्गही लावत नाही. मत्तय २५ मध्येही हीच काळजी आहे. राज्य 'तुमच्यासाठी' जगाच्या स्थापनेपासून सिद्ध केलेलं आहे, अग्नी मात्र सैतान आणि त्याच्या दूतांसाठी. दोन पारडी सारखी नाहीत. ती सारखी करण्याच्या हट्टातून या सिद्धान्ताचं वाटोळं झालं, असं माझं ठाम मत आहे. आणि ९० वचनांची वाट ११:३२ ला पोहोचते: सगळ्यांवर दया करावी म्हणून देवाने सगळ्यांना आज्ञाभंगात कोंडलं. त्यानंतर पौल वाद घालत नाही, स्तुती करतो.

सोळाव्या शतकातला धर्मसुधारक जॉन कॅल्व्हिन याच्यावर या बाबतीत बराच राग काढला जातो, त्यातला काही रास्तही आहे. पण त्याने हा विषय पुस्तकात कुठे ठेवला ते पाहावं. त्याच्या मुख्य ग्रंथाची पहिली आवृत्ती १५३६ ची, शेवटची १५५९ ची. मधल्या आवृत्त्यांत पूर्वनियोजन, म्हणजे देवाने माणसांना आधीच नेमणं, आणि जगाचा कारभार चालवणारी देवाची तरतूद एकाच प्रकरणात होती. शेवटच्या आवृत्तीत त्याने ती सोडवली. तरतूद पहिल्या भागात गेली आणि पूर्वनियोजन तिसऱ्या भागात, २१ ते २४ या प्रकरणांत. विसावं प्रकरण प्रार्थनेचं आहे. म्हणजे विश्वास, पश्चात्ताप, प्रार्थना हे सगळं झाल्यावर निवडीची गोष्ट निघते, आणि निघते तीही इशाऱ्याने: नुसत्या कुतूहलाने इथे शिरणाऱ्याला हा चक्रव्यूह आहे. स्वतःची निवड पाहायची असेल तर ख्रिस्त हाच आरसा आहे, असं तो २४ व्या प्रकरणात म्हणतो. नाशाच्या बाजूलाही देवाचा हुकूम तितक्याच ठामपणे लावताना तो शास्त्राच्या पुढे गेला, असं मला वाटतं. त्या हुकमाला त्यानेच 'भयानक' म्हटलं होतं. त्याचा अनुयायी थिओडोर बेझा याने १५५५ मध्येच या शिकवणीचा तक्ता आखला होता, वर देवाचा संकल्प आणि खाली दोन फाटे. तक्त्यावर बोट ठेवून 'मी कुठल्या फाट्यावर?' असं विचारण्याची सोय झाली. पौलाच्या श्वासभर लांब वाक्यात ती सोय नव्हती.

डॉर्टची धर्मसभा १३ नोव्हेंबर १६१८ ला नेदरलँड्समध्ये भरली आणि मे १६१९ पर्यंत चालली. समोर आरोपी म्हणून उभे होते आर्मिनियस या डच धर्मपंडिताचे अनुयायी. देव पुढचा विश्वास आधीच पाहून निवड करतो आणि कृपेला नकार देता येतो, असं त्यांचं म्हणणं होतं. सभेने त्यांना बाहेर काढलं. सभा उठल्यावर चारच दिवसांनी, त्यांच्या पाठीशी उभा असलेला ७१ वर्षांचा मुत्सद्दी ओल्डेनबार्नेव्हेल्ट याचा हेगमध्ये शिरच्छेद झाला. त्यात राजकारण होतं, पण हा डाग त्या सभेच्या कागदांवरून पुसता येत नाही. तरीही ते कागद मुळातून वाचावेत. कलमं ५९ आणि चुकांचं खंडन ३४, मिळून ९३. ज्यांना वाटतं की डॉर्टने तारणाचं दार लावून घेतलं, त्यांनी दुसऱ्या भागातली ३ आणि ५ ही कलमं पाहावीत. ख्रिस्ताचं मरण साऱ्या जगाच्या पापांना पुरून उरेल एवढं आहे, आणि सुवार्तेचं अभिवचन सर्व राष्ट्रांना, सर्व माणसांना, भेद न करता सांगितलं पाहिजे. पुढच्या भागाचं आठवं कलम म्हणतं की ज्यांना ज्यांना सुवार्तेने बोलावलं जातं, त्यांना मनापासून बोलावलं जातं. देव निवडतो हेही खरं आणि सगळ्यांना मनापासून बोलावतो हेही खरं, तर या दोहोंची सांधेजोड कशी करायची? डॉर्टने ती केली नाही. दोन्ही टोकं धरून ठेवली. तर्काला हे तोकडं वाटतं, पण योहान ६:३७ मध्येही ती तशीच धरलेली आहेत: पिता जे देतो ते माझ्याकडे येईल, आणि जो येतो त्याला मी मुळीच घालवणार नाही. एकाच वचनाचे दोन अर्ध. उत्तरार्ध ऐकणाऱ्याने पूर्वार्धाचा दाखला आणावा, अशी अट प्रभूने घातलेली नाही.

पहिल्या भागाचं बारावं कलम पाळकाने पाठ करण्यासारखं आहे. निवडीची खात्री देवाच्या गुपितात डोकावून होत नाही, फळं पाहून होते, असं ते म्हणतं आणि फळं नावानिशी देतं: ख्रिस्तावर खरा विश्वास, लेकराला बापाचा असतो तसा आदर, पापाबद्दल देवाला भावणारं दुःख, नीतिमत्त्वाची भूक आणि तहान. यादी सावकाश वाचली की कळतं, शेवटची दोन फळं भरलेल्या ताटाची नाहीत. दुःख आणि भूक. उपासनेनंतर मागे रेंगाळणाऱ्याकडे नेमकं हेच असतं. फळांची ही परीक्षा लोक उलटी करतात आणि तिथेच घात होतो: हळव्या मनाचा माणूस पुण्याईची वही काढून बसतो आणि कोरी पानं मोजतो, तर निबर मनाचा तीच वही भरलेली दाखवतो. सोळावं कलम हळव्यासाठी आहे. ज्याला विश्वास जिवंतपणे जाणवत नाही, पण जो वचन आणि प्रार्थना सोडत नाही, त्याने नाकारलेल्यांचा उल्लेख ऐकून घाबरू नये. धुमसती वात देव विझवत नाही. आणि सतरावं, तान्ही लेकरं पुरलेल्या आईबापांसाठी: देवभीरू आईबापांनी त्या लेकरांच्या तारणाविषयी शंका धरू नये. सभेत बसलेल्या माणसांना लहान शवपेट्या परक्या नव्हत्या.

मराठी मंडळीचा याच्याशी थेट संबंध आहे. अठराव्या शतकात इंग्लंडच्या काही बॅप्टिस्ट सभांमध्ये असं शिकवत की पापी माणूस विश्वास ठेवायला असमर्थ आहे, म्हणून 'ये' असं त्याला म्हणायचंच नाही. १७८५ मध्ये अँड्र्यू फुलरने ही गाठ सोडवली. पाय मोडल्यामुळे उठता न येणं वेगळं आणि उठायची इच्छाच नसणं वेगळं. माणसाची असमर्थता दुसऱ्या जातीची आहे, म्हणून त्याला बोलावणं फसवणूक ठरत नाही. फुलरचा मित्र, जोडे शिवणारा विल्यम कॅरी, १७९२ मध्ये सुवार्ता सर्व राष्ट्रांकडे नेणं आजही बंधनकारक आहे असं छापून मोकळा झाला आणि पुढच्याच वर्षी बंगालला निघाला. १८११ मध्ये श्रीरामपूरच्या छापखान्यातून त्याचा मराठी नवा करार निघाला. मुंबईत १८१३ साली उतरलेले अमेरिकन मिशनरी आणि १८२९ साली आलेले जॉन विल्सन, हेही देवाच्या निवडीवर ठाम विश्वास असणाऱ्या परंपरेतले. निवड मानणारा माणूस स्वस्थ बसतो, हा आक्षेप निदान आपल्या तोंडी शोभत नाही. दुसऱ्या बाजूचे, कृपेला नकार देता येतो असं मानणारे मेथडिस्ट, जॉन वेस्लीचे वारस, हेही इथे आले. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं तेव्हा प्रेस्बिटेरियन, बॅप्टिस्ट, अँग्लिकन आणि ब्रिटिश परंपरेतले मेथडिस्ट एका मंडळीत बसले. ज्या दोन प्राचीन मतांगीकारांवर ते एकत्र आले त्यांत पूर्वनियोजनाचा शब्द नाही; आमच्याकरिता आणि आमच्या तारणाकरिता तो उतरला, एवढं आहे. वसई-गोव्याच्या कॅथलिकांची प्रश्नोत्तरी तर १०३७ व्या परिच्छेदात स्पष्टच सांगते की देव कुणालाही नरकासाठी आधी नेमत नाही.

तर मागे थांबलेल्या माणसाला काय सांगायचं? आधी बसवावं आणि ऐकावं. त्याची झोप, जेवण, काम ठीक आहे का ते विचारावं. विल्यम कूपर या कवीला १७७३ मध्ये स्वप्नात शब्द ऐकू आले, 'संपलं तुझं, तू नष्ट झालास', आणि १८०० मध्ये मरेपर्यंत त्याने ते खरे मानले. एकदा निवडलेला कधी टाकला जात नाही असं त्याची स्वतःची शिकवण सांगत होती. त्या नियमाला आपण एकटे अपवाद, असं त्याला वाटे. त्याचा पाळक-मित्र जॉन न्यूटन याने त्याची साथ सोडली नाही आणि हा आजार आहे असंच तो मानत राहिला. अशा माणसाला वचनासोबत डॉक्टरही लागतो, आणि ते सांगायला पाळकाने लाजू नये. बाकीच्यांना रोमकरांचा नववा अध्याय पहिल्या भेटीत उघडून देऊ नये. मत्तय ११ द्यावं, २५ ते ३० वचनं. तिथे प्रभू आधी म्हणतो की पुत्र ज्याला प्रकट करू इच्छितो त्यालाच पिता कळतो, आणि पुढच्याच श्वासात कष्टी आणि भाराक्रांत अशा सर्वांना बोलावतो. ज्याला प्रकट करायचं ते तोच ठरवतो, आणि तोच 'या' म्हणतो. मग त्याच्यासोबत गुडघे टेकावेत. कॅल्व्हिनच्या पुस्तकातही विसावं प्रकरण एकविसाव्याच्या आधी आहे.

आणि जॉन बनियन या इंग्रज उपदेशकाची गोष्ट सांगावी. त्याचं यात्रेकरूचं पुस्तक हरि केशवजींनी १८४१ मध्ये 'यात्रिकक्रमण' म्हणून मराठीत आणलं, त्यामुळे नाव ओळखीचं असतं. तो बेडफर्डजवळचा, फुटक्या भांड्यांना डाग देणारा. पुढे तुरुंगात असताना त्याने आपल्या मनाचा जो जबाब लिहिला आणि जो १६६६ मध्ये छापला गेला, त्यात हाच प्रश्न आहे: तू निवडलेला आहेस हे तुला कशावरून कळलं? या प्रश्नाने त्याला अंगातली ताकद जाईपर्यंत छळलं. मग एक वाक्य मनात आलं: मागच्या पिढ्यांकडे पाहा, परमेश्वरावर भरवसा ठेवून कुणी कधी फजीत झाला का? तो ते वाक्य शास्त्रात शोधू लागला. वर्षाहून अधिक काळ सापडेना. सापडलं तेव्हा ते त्याच्या पंथाने प्रमाण न मानलेल्या पुस्तकात होतं, सीराखच्या बोधग्रंथात, दुसऱ्या अध्यायाच्या दहाव्या वचनात. आधी तो थोडा हिरमुसला. मग त्याला वाटलं, जागा कोणतीही असो, बाकीची अनेक अभिवचनं तरी हेच सांगतात, आणि ते वाक्य त्याला पुरलं.

पण दुसरी भीती तयारच होती: कृपेचा दिवस मावळला असेल तर, आत घ्यायचे तेवढे घेऊन झाले असतील तर? तेव्हा लूकच्या चौदाव्या अध्यायातली मेजवानी आठवली. दास परत येऊन धन्याला सांगतो, गल्लीबोळांतून सगळ्यांना आणलं, तरी अजून जागा आहे. बनियन लिहितो, आपल्याला इथे जागाच उरली नाही या भीतीने एक दिवस मी गांजेन हे प्रभूला ठाऊक होतं, म्हणून ते शब्द बोलताना त्याने माझा विचार केला होता, आणि मला सापडावेत म्हणून ते आधीच नोंदवून ठेवले होते.